आप्पांचा पॉज

लातूरहून नांदेडला येताना अहमदपूर मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तूर लागते. या दिवसांत ती फुलात असते. सोयाबीन निघालेलं, रानं उघडी, हरभरा नुकता मातीतून डोकं काढायलेला, आणि मधूनच ही पिवळी पट्टी. सकाळी शाल लपेटावी आणि अकरा वाजता तीच शाल कुठं ठेवू असं व्हावं, असं हवामान. बसमधली माणसं म्हणतात, काय मस्त दिवस आहेत. असतील बाबा. मी तुरीचं फूल दिसलं की मान फिरवते.

हा नाटकाचा मोसम. दिवाळी झाली, की वर्षभर दुकानं, शाळा, दवाखाने सांभाळणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांच्या अंगात काहीतरी संचारतं आणि ती संहिता काखेत मारून तालमीला रिकामी जागा शोधत फिरू लागतात. स्पर्धा तोंडावर आलेली असते. गेल्या आठवड्यात गणपत सरांचा फोन आला. सर शाळेत चित्रकला शिकवतात आणि नांदेडात आमच्या मंडळाची नाटकं बसवतात. मूळचे हिमायतनगरकडचे, त्यामुळं त्यांचं सगळं ‘करून राहिलो’मध्ये चालतं.

“ताई, यंदा तरी या. प्रॉम्प्टिंगला कोणी मिळूनच नाही राहिलं. पोरं मोबाईलवर संहिता वाचून राहिली, अन् मधीच त्यांना फोन येऊन राहिले.”

हसू आलं. पण नाही म्हणाले. चार वर्षं नाहीच म्हणते आहे. फोन ठेवला आणि मशीनवर बसले. मी ब्लाऊज शिवते, घराच्याच पुढच्या खोलीत. त्या दिवशी एका ब्लाऊजची उजवी बाही डावीकडं लागली आणि डावी उजवीकडं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुकाट्यानं उसवत बसले.

उसवता उसवताच ठरवलं, की हे एकदाचं लिहून टाकायचं. पॉज या शब्दाबद्दल लिहायचं.

नाटकवाल्यांच्या तोंडी हा शब्द सारखा असतो. बोलता बोलता नटानं थांबायचं, आणि त्या थांबण्यातूनच बघणाऱ्याला काहीतरी कळावं, त्याला म्हणायचं पॉज. एवढासा अर्थ. पण त्याचा वापर बघा. पॉज घेतात, पॉज धरतात, पॉज सोडतात. नवखा नट घाईघाईनं पुढचं वाक्य बोलून गेला की सर ओरडतात, “खाल्लास पॉज! उपाशी आला होता का?” कुणी जास्तच थांबलं की, “आता बोल बाप्पा, लोक घरी जाऊन राहिले.” एका वर्षी सरांनी शुद्ध मराठीचं मनावर घेतलं आणि पॉजला विराम म्हणायचा फतवा काढला. दोन दिवस टिकला तो फतवा. “इथं विराम” म्हटलं, की इरफान सरळ खुर्चीत बसायचा आणि चहा मागायचा. इरफानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मंडळातला तो सगळ्यात तयारीचा नट. शेवटी सरांनीच हात जोडले. पॉज आमच्या घरातही शिरला होता. भाजी कशी झाली विचारल्यावर आमचे हे जरासे थांबले, की मी म्हणायची, “पॉज नका घेऊ, काय ते सरळ सांगा.”

मी बरीच वर्षं मंडळाची प्रॉम्प्टर होते. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला लोकांना दिसणार नाही अशा आडोशाला, स्टूल टाकून बसायचं, संहितेच्या ओळीवर बोट ठेवायचं, आणि नट अडकला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. एकच शब्द, फार तर दोन. अख्खं वाक्य दिलं की नटाचा पोपट होतो. इथपर्यंत सोपं आहे, कुणालाही जमेल. अवघड वेगळंच आहे. नट गप्प झालाय, तर त्यानं पॉज घेतलाय की तो विसरलाय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पॉजमध्ये शब्द दिला, की नटाचा सगळा खेळ मोडतो आणि नंतर तो तुमच्यावर दात-ओठ खातो. आणि विसरलेल्याला शब्द दिला नाही, तर बिचारा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडतो. म्हणून नटाच्या आणि प्रॉम्प्टरच्या खुणा ठरलेल्या असतात. आप्पांची खूण मुठीची होती. पॉज असेल तर पाठीमागं धरलेली डाव्या हाताची मूठ ते घट्ट आवळायचे. मूठ आवळलेली असेतोवर मी गप्प. मूठ सुटली, की शब्द द्यायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. सकाळी कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे ते संध्याकाळपर्यंत मीटर आणि कात्री. पण मोसम आला की दुकानाच्या मागच्या खोलीत थानांच्या गठ्ठ्यांना ऐकवून भाषणं म्हणायचे. आमच्या लिंगायतांच्या पेठेत लोक नावं ठेवायचे, एवढा धंद्याचा माणूस अन् तोंडाला रंग फासतोय म्हणून. आप्पा म्हणायचे, “फासतो की. तुमच्या घरचा फासायलो का?”

आणि आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर उदगीरकडं, तिकडं आईला अव्वाच म्हणतात. अव्वानं उभ्या आयुष्यात आप्पांचं एकही नाटक थिएटरात जाऊन बघितलं नाही. “घरी बघितलंय की समदं,” म्हणायची. खरंच होतं ते. कारण आप्पांचं पाठांतर व्हायचं स्वयंपाकघरात, आणि समोरच्या माणसाची सगळी वाक्यं अव्वा म्हणायची. समोरचा राजा असो, फौजदार असो, नाही तर आप्पांच्या प्रेमात पडलेली बाई असो, अव्वाचा आवाज एकच. भाजीवाल्याशी बोलावं तसा. मधून मधून घरची कामंही त्याच आवाजात. “महाराज, शत्रू वेशीवर आलाय— पाय काढा तिकडं, झाडायचंय— आणि तुम्ही अजून निजलेलेच.” आप्पा पाय उचलून घेत आणि त्याच तंद्रीत उत्तर देत, “निजलेला सिंह, प्रधानजी!” मी आणि माझा भाऊ हसून हसून लोळायचो. अव्वा हसायची नाही. तिला वेळ नसायचा.

अव्वा गेली ती चैत्रात, भर दुपारी. काही दुखलं नाही, खुपलं नाही. पाणी प्यायला उठली आणि संपलं. आप्पा रडले नाहीत. फक्त स्वयंपाकघरात जायचं बंद केलं. ताट पुढच्या खोलीत आणून द्यावं लागायचं. दोन महिन्यांनी मी त्यांना नांदेडला माझ्याकडं घेऊन आले. भावाला वाईट वाटलं, पेठेतले म्हणाले, लेकीच्या घरी कुठं कुणी राहतं का? मी म्हटलं, हे राहणार.

त्या वर्षी मंडळाला आप्पांचं एक जुनं नाटक आठवलं. तरुणपणी त्यांनी ते लातुरात केलं होतं. एका आडबाजूच्या स्टेशनावरचा म्हातारा स्टेशनमास्तर आणि तिथं उतरलेला एक प्रवासी, एवढीच दोन माणसं. आप्पा मास्तर, इरफान प्रवासी. सरांनी विचारलं तेव्हा मला वाटलं आप्पा नाही म्हणतील. ते म्हणाले, “पाठ हाय मला. समोरचंबी पाठ हाय.” मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्यासाठी मास्तरचा काळा कोट स्वतः शिवला.

तालमीला जागा मिळाली मुदखेडच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. दर रविवारी दुपारी. वर पत्रा, खाली फरशी, आणि चार कोपऱ्यांत वर्षानुवर्षांचा कापूस लोंबत राहिलेला. कुणी मोठ्यानं बोललं की त्यातला एखादा पुंजका सुटून हळूहळू खाली यायचा. दुपारच्या उजेडात तो बराच वेळ हवेतच दिसत राहायचा. एका बाजूला स्टूल टाकून मी बसायची, ती उजवी विंग. डाव्या विंगेला कुणी नव्हतंच, तिकडून नाटकात कुणाचं येणं-जाणं नव्हतं. सरांनी खडूनं रेघ मारली होती, तीच डावी विंग.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी झालं ते. प्रवासी विचारतो, “मास्तर, इथं उतरलेला माणूस परत जाताना दिसला का तुम्हाला?” आणि मास्तर उत्तर देतो, “उतरणारे मी बघतो. परत जाणारे बघायचं काम मला दिलेलं नाही.” इरफाननं विचारलं. आप्पा गप्प. मी मुठीकडं बघितलं. आवळलेली होती. पॉज. पण आप्पा इरफानकडं बघत नव्हते. ते डाव्या बाजूला, खडूच्या रेघेपलीकडं बघत होते, मान जराशी तिरपी करून. मग त्यांनी मान हलवली आणि उत्तर दिलं.

सर खुर्चीतून उठलेच. “अरे, काय पॉज घेतला आप्पांनी! बघा पोट्टेहो, शिका काही!”

पुढच्या वाक्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही. इरफान आपलं वाक्य म्हणायचा, आप्पा थांबायचे, डावीकडं बघायचे, मग बोलायचे. सगळे खूश. तालीम संपल्यावर इरफान माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला. “ताई, कसम से सांगतो, चाचा माझं ऐकतच नाहीत. माझं बोलून झाल्यावर ते दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतात, अन् मग बोलतात.”

मी त्याला झिडकारलं. “नट आहेस की ज्योतिषी?” म्हटलं. पण घरी येऊन मला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मी वेगळंच करून बघितलं. इरफानचं वाक्य संपलं आणि आप्पा थांबले, तसं मी तेच वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं, ओळीवर बोट फिरवत. पण अव्वाच्या चालीनं. भाजीवाल्याशी बोलावं तसं, सावकाश. माझं बोट शेवटच्या अक्षरावर आलं, आणि आप्पा बोलले. योगायोग असेल म्हणून पुढचं वाक्य तसंच वाचलं. बोट शेवटाला, आणि आप्पांचं उत्तर. त्या दुपारी अठरा वेळा पॉज आला आणि त्यातल्या सतरा वेळा माझं बोट आणि आप्पांचं तोंड एकाच वेळी पोचलं. एकदा मध्येच त्यांनी उजवा पाय उचलून बाजूला घेतला, आणि थोड्या वेळानं परत होता तिथं ठेवला. सरांनी वहीत लिहून घेतलं, ‘पाय — छान’. पत्रा तापून शेडमध्ये भट्टी झाली होती आणि मी पदर अंगाभोवती ओढून बसले होते.

एक पॉज मात्र माझ्या हिशेबात बसत नव्हता. दुसऱ्या प्रवेशात एका जागी माझं बोट वाक्याच्या शेवटाला पोचायचं, तरी आप्पा गप्पच. आणखी थोडं थांबून ते हलकेच हसायचे, मग बोलायचे. तिथं हसण्यासारखं काही नव्हतं. मी भावाला सांगून लातूरहून आप्पांची जुनी वही मागवून घेतली. हळदीचे डाग पडलेली, कडा खाल्लेली वही. त्या जागी प्रवाशाचं एक जास्तीचं वाक्य होतं, सरांनी नवी संहिता टाईप करताना काटलेलं. “मास्तर, तुम्ही जेवलात का?” आणि त्यापुढं कंसात आप्पांच्या अक्षरात, ‘हसतो’.

वही मिटली. त्यांना जुनं पाठ होतं, म्हणून ते त्या वाक्यासाठी थांबत असतील. असंच असणार. आमचे हे पण तेच म्हणाले. शिवाय म्हणाले, “अगं, पण ते बरं नाहीये. डॉक्टरला दाखवू. परवा दूध आणायला गेले ते दोन तासांनी बसस्टँडवर सापडले, लातूरची गाडी बघत. तू सरांना सांग, काम दुसऱ्याला द्या म्हणून.”

मी भांडले. म्हटलं, आयुष्यभर एवढी एकच गोष्ट हौसेनं केली त्यांनी, तीही काढून घेऊ का? स्पर्धेचा प्रयोग होऊ द्या, दुसऱ्या दिवशी दाखवू डॉक्टरला. हे सगळं मी मोठ्या आवाजात बोलले आणि ते खरंही होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. मला ते पॉज हवे होते. अव्वा गेल्यापासून तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता. फोनमध्ये कुठं साठवलेला नव्हता. त्या शेडमध्ये दर रविवारी सतरा वेळा मी ओळीवर बोट ठेवायची, आप्पा डावीकडं कान द्यायचे, आणि तेवढा वेळ ती तिथं असायची. बाप हातचा निसटायला लागलाय हे मला दिसत होतं, आणि मी आईच्या लोभानं गप्प बसले. माझी मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

प्रयोग संध्याकाळी सातचा. थिएटर भरलेलं. आप्पा कोट घालून उभे होते, मी त्यांची कॉलर नीट केली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “सुमन, लई भारी शिवलास गं कोट.” माझं नाव घेऊन त्यांनी मला म्हटलेलं ते शेवटचं वाक्य.

पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला. लोक श्वास धरून बघत होते. इतक्या लांब पॉजमध्ये कुणी खोकलं नाही. मग शेवटचा प्रवेश. प्रवासी विचारतो, “मास्तर, आता शेवटची गाडीही गेली. तुम्ही घरी नाही जाणार?” उत्तर आहे, “दिवा विझवायचा राहिलाय.” इरफाननं विचारलं. आप्पा डावीकडं वळले. माझं बोट ओळीवरून फिरून शेवटाला पोचलं. आप्पा गप्प. मी पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. पुन्हा शेवट. मुठीकडं बघितलं.

मूठ सुटलेली होती. बोटं सैल, खाली लोंबत होती.

मला कळलं. ते कळायला मला अर्धा क्षणही लागला नाही. ‘दिवा’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. इरफान माझ्याकडं बघत होता, डोळ्यांनी विनवत होता, ताई, द्या ना. आप्पांचा चेहरा उजेडात होता आणि असा चेहरा मी अव्वा गेल्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. कुणीतरी जेवायला हाक मारावी आणि भूक लागलेली असावी, तसा. मी पलीकडच्या विंगेत बघितलं. काळं कापड टांगलेलं होतं, माणूस कुणी नव्हतं. कापड खालून जरासं हललं. वारा असेल. मी शब्द दिला नाही.

आप्पा साध्या, घरच्या आवाजात म्हणाले, “हाव, आलो.” आणि चालत डाव्या विंगेत गेले.

दिव्यावरच्या माणसाला सुचलं आणि त्यानं अंधार केला. टाळ्या अशा पडल्या, की मागच्या पडद्याच्या आडून पळत जाताना मला माझीच पावलं ऐकू येत नव्हती. आप्पा काळ्या कापडामागं खाली फरशीवर बसले होते. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, समोर रिकामी जागा. मी त्या जागेत उभी राहिले आणि “आप्पा” म्हणाले. त्यांनी वर बघितलं. अनोळखी बाईकडं भला माणूस बघतो तसं, अदबीनं.

“अहो बाई, जरा सरकता का? ती वाढायलीय.”

मी सरकले.

बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पॉजचं कौतुक केलं म्हणे. प्रमाणपत्र कपाटात पालथं ठेवलंय. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, मेंदूतल्या बारीक नसांचं काहीतरी समजावलं आणि म्हणाले, ताई, हे आधीपासूनच चाललं होतं, त्या दिवशी नाही तर पुढच्या महिन्यात झालंच असतं, तुमच्या एका शब्दानं काही थांबलं नसतं. चांगला माणूस आहे डॉक्टर. पण त्याला मूठ माहीत नाही. मला माहीत होती. चार वर्षं मी रोज आप्पांना अंघोळ घालते, विभूती लावते, घास भरवते, आणि रोज ते मला “अहो बाई” म्हणतात. भाऊ आला की त्याला “या शेठ” म्हणतात. भावाला हसू येतं, मग तो बाहेर जाऊन डोळे पुसून येतो. मला बाकी काही नको होतं. मी कोण आहे, एवढं एकदा त्यांच्या तोंडून यावं. मी सुचवणार नाही, ‘सु’ म्हणणार नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. याही बाबतीत मी त्यांना शब्द दिला नाही, आणि त्यांना तो सापडला नाही. हल्ली तर बोलणंही आटलंय. दिवसदिवस पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडं बघत असतात.

सरांचा फोन आला त्या दुपारची गोष्ट. बाह्या उसवून झाल्या. आप्पा नेहमीच्या खुर्चीत. माझ्या पाठीमागं भिंतीला शिवलेले कपडे टांगलेले, त्यापलीकडं काही नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठून ती वही काढली. चार वर्षांत हात लावला नव्हता. परत मशीनवर बसले, सुईत दोरा ओवला आणि न बघताच म्हणाले, “मास्तर, हेच का ते स्टेशन?”

“हेच. पण पाटी वाचून उतरलात, का सवयीनं?” आप्पा म्हणाले.

सुई बोटात घुसली. आवाज खणखणीत होता, कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाचा. मी पुढचं वाक्य म्हटलं, त्यांनी उत्तर दिलं. मी पुढचं, ते पुढचं. महिनाभरात बोलले नसतील एवढं ते पाच मिनिटांत बोलले. माझ्याशी बोलत होते, माझ्याकडं बघून! मी वाक्यं सावकाश म्हणायला लागले, अव्वाच्या चालीनं, भाजीवाल्याशी बोलावं तसं. हाव सुटली मला. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग पुढचं पानच नव्हतं. कसर लागून शिवणीपासून गळून गेलं होतं, आणि ते वाक्य मला पाठ नव्हतं. माझ्या टाईप केलेल्या संहितेतली त्या जागची वाक्यं वेगळी होती.

मी थांबले. आप्पा थांबले. ते वाट बघत होते आणि मला पुढचं येत नव्हतं. रस्त्यावरून एक टमटम गेली. त्यांचा चेहरा हळूहळू पुसायला लागला, खिडकीकडं वळायला लागला, आणि मला वाटलं, गेलं, हेही गेलं माझ्या हातानं.

तेवढ्यात त्यांनी मान फिरवली. माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, भिंतीकडं, जरासं वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघतात तेवढं वर. आणि अगदी सहज म्हणाले,

“आपल्या सुमनला येत न्हाई पुढचं. तूच म्हण.”

मी वही मिटली. मागं वळून बघितलं नाही. तिचं म्हणून होईपर्यंत तशीच बसून राहिले.